झिपरू नानांच्या विहिरीतले हाड

आमच्या जळगावच्या महाविद्यालयात भूशास्त्राचा विभाग आहे. त्यात दगड कमी आणि किस्से फार. कारण सरळ आहे. दगड ठेवायला कपाट लागते आणि कपाटाला मंजुरी लागते. किश्शाला दोन माणसे आणि चहा पुरतो. शिवाय दगडावरची धूळ झटकावी लागते. किस्सा जितका जुना, तितका चकचकीत होत जातो.

थट्टा मला फारशी रुचत नाही. सकाळी पूजा, दिवसा तास, संध्याकाळी देवाजवळ दिवा, असा माझा क्रम आहे. पण नोकरीत खुर्ची मिळाली ती बोरोले सरांच्या शेजारची, त्याला माझा इलाज नव्हता. बोरोले सर आमचे विभागप्रमुख. चोपड्याकडचे, घरची केळी. समोरचा माणूस गंभीर झाला की त्यांना खोकला येतो.

तिसऱ्या शुभांगी मॅडम. दोंडाईच्याच्या. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी आली तर उपास. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा होती आणि नोंदणीची मुदत हे किस्से घडले त्याच वर्षी संपत होती. प्रबंधाचा विषय होता खानदेशातले डायनासोर. त्यात एकच उणीव होती. खानदेशात डायनासोर सापडलेला नव्हता.

सापडणार कसा? आपल्या पायाखाली सगळा काळा कातळ. लाव्हा थंड होऊन झालेला. त्यात हाड कोठून येणार? मॅडमचे म्हणणे असे, की लाव्हा काही एकाच दिवशी आला नाही. तो येत गेला, थांबत गेला. थांबला तेव्हा तळी झाली. तळ्यांत बेडूक आले, कासवे आली आणि पाणी प्यायला डायनासोरही आले असणार. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळे झाकून गेला. तो मधला गाळ कोठे कोठे दोन काळ्या थरांच्या मध्ये पांढऱ्या पट्टीसारखा दिसतो. त्या पट्टीत हाड मिळाले की प्रबंध पुरा. न मिळाले तर मॅडमची पाच वर्षे त्या डायनासोरांच्याच वाटेने गेली.

आता किस्से.

* * *

संस्थेने प्रवेशद्वाराजवळ फायबरचा एक डायनासोर बसवला. मोठा जबडा, जबड्यात सुरीसारखे दात. मुलांनी विज्ञानाकडे वळावे हा हेतू. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांनी हार घातला, कुंकू लावले, पायाशी नारळ वाढवला. हे मला योग्य वाटले. ज्याची स्थापना होते त्याची पूजा व्हावी.

मग अध्यक्षांचे लक्ष दातांकडे गेले. आमच्या संस्थेच्या आवारात मांसाहाराला बंदी आहे. तसा फलकही आहे, आणि डायनासोर नेमका त्याच फलकाखाली उभा होता.

अध्यक्षांनी हळूच विचारले, "सर, हा शाकाहारी आहे ना?"

खोटे बोलू नये, आणि अध्यक्षांपुढे खरे बोलणेही सोपे नसते.

बोरोले सर म्हणाले, "आमच्याकडे आल्यापासून आहे."

* * *

जुने हाड ओळखण्याची आमच्या शास्त्रात एक रीत आहे. ती ऐकून अनेकांना किळस येते. दगड झालेले हाडही आतून सूक्ष्म छिद्रांचे असते. त्याला जिभेचे टोक लावले तर ते ओलावा ओढून घेते आणि जिभेला चिकटते. साधा दगड चिकटत नाही. मोठमोठे विद्वान रानात उभे राहून दगड चाटतात. यात लाजण्यासारखे काही नाही. आजूबाजूला कोणी नसले म्हणजे झाले.

चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही तिघे हिंडत होतो. मॅडमना एक लहानसा तुकडा मिळाला. त्यांनी जीभ लावली, चिकटली. बोरोले सरांनी लावली, चिकटली. मग तुकडा पुसून माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, "आज एकादशी आहे."

बोरोले सर म्हणाले, "उपासाला सैंधव चालते. तोही दगडच."

"सैंधवाला आईबाप नसतात," मी म्हणालो.

बोरोले सर मॅडमकडे वळले. "कोणाचं वाटतं हो हे हाड?"

"कासवाचं, सर. पाठीच्या ढालीचा तुकडा आहे."

"मग तर काही प्रश्नच नाही," बोरोले सर मला म्हणाले. "दुसरा अवतार. प्रसाद समजून घ्या."

देवाच्या नावाने केलेला विनोद मी सहन करतो, त्यात सामील होत नाही. तुकडा कागदात बांधून मी खिशात ठेवला. द्वादशीला स्नान केले, पूजा केली, उपास सोडला, मग जीभ लावली.

चिकटली.

* * *

मॅडम सुट्टीत माहेरी दोंडाईच्याला गेल्या होत्या. स्कूटरवरून जाताना गावाबाहेर एका शेतात नवी विहीर खणलेली दिसली. विहिरीच्या काठाला उपसलेल्या दगडांचा ढीग. ढीग काळा, पण त्यात मधूनच पांढरे तुकडे. मॅडमनी स्कूटर उभी केली, ढिगावर चढल्या आणि एकामागून एक दगड उचलून जिभेला लावू लागल्या.

विहीर झिपरू नानांची. नाना लिंबाखाली खाटेवर बसून सगळे पाहत होते. त्यांनी हटकले नाही. बराच वेळ पाहिल्यावर आदराने जवळ आले.

"कसा लागस?" त्यांनी विचारले.

मॅडम आनंदात होत्या. एक तुकडा जिभेला घट्ट चिकटला होता. त्या म्हणाल्या, "नाना, हा अगदी कोरडा आहे. सगळं ओढून घेतो."

नानांचा चेहरा उतरला. विहीर इतकी खोल गेली होती आणि पाण्याचा थेंब नव्हता.

"आखो एक चाखी देखा," नाना अजिजीने म्हणाले. "तो खालना शे."

तेव्हा मॅडमच्या ध्यानात आले. नाना त्यांना पाणाड्या समजत होते. जमिनीत पाणी कोठे आहे ते सांगणारा माणूस आमच्याकडे गावोगाव असतो. कोणी तळहातावर नारळ धरून चालतो, कोणी कडुनिंबाची काडी. मॅडमनी परोपरीने सांगितले, की मला पाण्यातले काही कळत नाही, मी हाडे शोधते.

नाना हसले. "ताई, आमना पानाड्या नारळ धरस. तुम्ही दगड चाटतस. ज्यानी त्यानी रीत. आम्ही कोनले सांगाऊत नही."

मॅडमनी हा प्रकार विभागात सांगितला तेव्हा मी अस्वस्थ झालो. एखाद्या माणसाच्या गैरसमजावर आपले संशोधन उभे राहू नये. पुढच्या रविवारी मी स्वतः गेलो, नानांना समोर बसवले आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, "नाना, मॅडमना पाणी सांगता येत नाही. त्या तसा दावाही करीत नाहीत."

नानांनी शांतपणे ऐकून घेतले. मग अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हाक मारली.

"ऐकं का? खरा पानाड्या कधी कबूल करस का? चहा ठेव."

* * *

त्या ढिगात एक बोटभर लांबीचे आणि काही बारीक, अशी हाडे निघाली. ती जळगावला आणायची होती. अक्कांनी देवघरातले लाल फडके दिले. मॅडमनी हाडे केळीच्या खोडाच्या सोपटात गुंडाळली, त्यावर लाल फडके बांधले आणि गाठोडे मांडीवर घेऊन त्या एस.टी.त बसल्या.

कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारले, "काय आहे?"

मॅडम खोटे बोलत नाहीत. हा गुण मी त्यांच्यात पहिल्या दिवसापासून पाहिला आहे. त्या म्हणाल्या, "हाडं."

कंडक्टरने लाल फडके पाहिले आणि आवाज खाली आणला. "अस्थी का?"

"तसंच म्हणा."

शेजारच्या बाईंनी सरकून जागा दिली. पुढच्या आसनावरच्या गृहस्थांनी मोबाइलवरचे गाणे बंद केले. कंडक्टर थोड्या वेळाने पुन्हा आला. आमच्या भागात अस्थी प्रकाशाला नेतात, तापीच्या संगमावर. गाडी तर जळगावकडे निघालेली.

"ताई, प्रकाशा मागं राहिलं. तुम्ही उलट्या गाडीत बसलात."

"नाही," मॅडम म्हणाल्या, "यांना आधी जळगावला दाखवायचं आहे. तिथं तपासणी होईल. मग पुण्याला न्यावं लागेल."

कंडक्टरने गाठोड्याकडे पाहिले, मग मॅडमकडे. माणूस सरळ होता. त्याला राहवले नाही.

"ताई, राग मानू नका. एवढा जीव होता तर जिवंतपणी दाखवायचं होतं."

* * *

प्रबंधावर शेवटचा शब्द मोठ्या सरांचा. त्यांचे नाव मी घेत नाही. विभागात त्यांना मोठे सरच म्हणतात. ते बाहेरगावी असतात. या शास्त्रातला त्यांचा अधिकार वादातीत आहे आणि तो वादातीत राहावा याची काळजी ते स्वतः घेतात. मॅडमनी त्यांना हाडाची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवली. वेगवेगळ्या बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून, सोबत सविस्तर टिपण.

मोठ्या सरांचे उत्तर एका शब्दाचे होते.

"बैल."

मॅडमनी फोन केला. सर म्हणाले, "खानदेशात पांढऱ्या मातीत पुरलेले बैल मी पुष्कळ पाहिले आहेत. चुना लागला की हाड कडक होते. ढिगातले हाड हा पुरावा नव्हे. कातळात, मूळ जागी, मला डोळ्यांनी दाखव. मग बोलू."

मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. बोरोले सरांनी आपल्या परीने समजूत घातली. "खचू नका. बैल तर बैल. खानदेशातला सर्वांत जुना बैल म्हणून प्रबंध देऊ."

मॅडम हसल्या नाहीत. त्या सरळ दोंडाईच्याला गेल्या आणि क्रेनच्या बादलीत बसून विहिरीत उतरल्या. पुढचे कित्येक दिवस त्या आत होत्या. विहिरीचा पांढरा पट्टा तळाच्या थोडा वर, गुडघ्याच्या उंचीवर होता. छिन्नीने, ब्रशने, नखाने त्यांनी तो उकरला. आणि एका दुपारी खालून हाक आली.

पट्ट्यात हाड होते. लांब, तपकिरी, हातभर. निम्मे बाहेर, निम्मे कातळात.

नाना काठावरून वाकून पाहत होते. "ताई, पानी का?"

"नाही नाना. हाड."

"बरं," नाना म्हणाले. "व्हई, पानीबी व्हई."

* * *

हाड सापडले आणि अडचण सुरू झाली. पावसाआधी नानांना विहीर आतून बांधून घ्यायची होती. गवंडी ठरला होता, सिमेंट येऊन पडले होते. एकदा काँक्रीट चढले की पांढरा पट्टा कायमचा झाकला गेला असता. आणि मोठ्या सरांना वेळ नव्हता. आज परिषद, उद्या बैठक.

नानांनीच तोड काढली. "हाड तुम्हनं, पानी मन्हं. तुम्हना साहेब येई लगून बांधकाम थांबाडस. पन तळ खंदानं थांबावं नही."

हे न्याय्य होते. मजूर तळ खोल करीत, मॅडम त्यांच्या डोक्यावर दिवस काढीत. हादऱ्याने हाडाला तडा जाऊ नये म्हणून त्याला प्लास्टर चढवणे आवश्यक होते. मोडलेल्या पायाला चढवतात तेच. म्हणून आम्ही जळगावच्याच पिंप्राळ्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर घाईत होते. बाहेर रांग होती.

"पेशंट कुठं आहे?"

"दोंडाईच्याजवळ," मॅडम म्हणाल्या. "विहिरीत."

डॉक्टरांचे पेन थांबले. "पडला?"

"तसंच काहीसं."

"अजून विहिरीतच आहे? वर का काढला नाही?"

"मोठे सर पाहून जाईपर्यंत हलवता येत नाही."

डॉक्टरांना ही पोलिसांची भानगड वाटली असावी. त्यांनी दार लावून घेतले. "वय काय?"

मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितले, "साडेसहा कोटी वर्षांच्या पुढं."

डॉक्टरांनी कपाट उघडले, प्लास्टरच्या पट्ट्यांचे खोके काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. जाताना सवयीने म्हणाले, "तीन आठवडे अजिबात हालचाल नको."

बोरोले सर म्हणाले, "त्याची काळजी नको, डॉक्टर. पेशंटला सवय आहे."

* * *

मोठे सर आले. मे महिना सरत आला होता. सफारी, टोपी, चकचकीत बूट, गळ्यात भिंग. विहिरीच्या काठावर गाव जमले होते. गाव हाड पाहायला आले नव्हते. दगड चाटणाऱ्या ताईंचे गुरुजी येणार आणि पाणी कोठे ते सांगणार, अशी बोलवा होती. मी खुलासा करणार होतो. बोरोले सरांनी मला बसवले.

सरांना जागा व्हावी म्हणून मजूर वर आले. आधी मॅडम उतरल्या, मग क्रेनच्या बादलीत डोळे मिटून मोठे सर. हाडाला प्लास्टर चढवलेले होते, पाहण्यापुरती एक खिडकी ठेवली होती. सर तळाच्या खड्ड्यात उभे राहिले. त्यांनी भिंगातून पाहिले. बोटाने चाचपले. जीभ लावली. आम्ही काठावर ओणवे झालो होतो.

खालून त्यांचा आवाज आला. "हाड आहे. पण बैल नव्हे कशावरून?"

"सर, कातळात आहे," मॅडम म्हणाल्या. "वर लाव्हा, खाली लाव्हा."

"वरच्या चिरेतून पडले असेल. चिरेत माती भरते. ती चीर खालच्या थरात उतरली आहे का ते मला पाहू दे. हातोडी दे."

मॅडमनी हातोडी दिली. मोठ्या सरांनी पांढरा पट्टा जेथे खालच्या काळ्या कातळाला टेकतो, तेथे एक घाव घातला. मग दुसरा. तिसऱ्या घावाला ढलपा निघाला.

आणि ढलप्यामागून पाणी आले.

थेंब थेंब नव्हे. मनगटाएवढी धार. थंड, स्वच्छ. खाली सांडून सरांच्या बुटांत शिरली.

मग नानांनी पागोटे काढले आणि जमिनीला कपाळ टेकले. अक्का घराकडे पळाल्या आणि हळद, कुंकू, नारळ, गूळ घेऊन आल्या. शंख आला, झांजा आल्या. कोणीतरी म्हणाले, "गुरुजीस्नी हातोडी मारी आणि पानी ऊनं. बठ्ठा गावनी देखं."

खालून मोठे सर म्हणाले, "क्रेन सोडा."

क्रेन सोडली. पण नानांच्या घरची एक रीत आहे. नव्या विहिरीचे पहिले पाणी आधी वर येते, त्याची पूजा होते, मग माणूस वर येतो. पहिल्या पाण्याच्या आधी माणूस वर आला तर झरा त्याच्या मागोमाग निघून जातो, असे ते मानतात. नानांनी खाली ओरडून सांगितले. मॅडमना गावची रीत ठाऊक होती. सर काही बोलण्याआधीच त्यांनी ओंजळींनी बादलीत पाणी भरले. बादली वर आली. तिला हळदकुंकू लागले, हार पडला. विहिरीवर बादली एकच होती आणि ती आता पूजेत होती.

"सर, आरती तुम्ही म्हना," नाना मला म्हणाले. "तुम्हनं पाठ शे."

मी गणपतीपासून आरंभ केला. शंकराची झाली. देवीची लागली. बोरोले सर माझ्या कानाशी आले.

"सर, एखादं कडवं गाळा. खाली माणूस आहे."

आरतीतले कडवे गाळणे माझ्या हातून होणार नाही. देवापुढे घाई हा एक प्रकारचा अपमानच आहे. मी त्यांना हाताने थांबवले.

पाणी मोठ्या सरांच्या पिंढऱ्यांपर्यंत चढले. त्यांनी मान वर करून काहीतरी मोठ्याने म्हटले. विहिरीत आवाज घुमला. नानांना भरून आले. "गुरुजीबी आरती म्हनी राहिनात," ते म्हणाले, आणि झांजा जोरात वाजू लागल्या.

विठ्ठलाची आरती संपता संपता झांजा जरा थांबल्या, तेव्हा शब्द स्पष्ट ऐकू आले. "शुभांगी, मान्य आहे. डायनासोर. सगळे मान्य आहे. यांना क्रेन सोडायला सांग."

पाच वर्षे ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द मॅडमना मिळाला होता. त्या गुडघाभर पाण्यात, हाडाकडे तोंड करून उभ्या होत्या. ओल्या प्लास्टरने पाहण्याची खिडकी बुजवत होत्या.

त्या म्हणाल्या, "नको, सर. पाण्यात उभं राहून दिलेली मान्यता मला नको. वर गेल्यावर, कोरड्या कपड्यांत, काय वाटतं ते सांगा. बैल वाटला तर बैल म्हणा."

त्या वेळी मला मॅडमचा जो अभिमान वाटला तो मी बोलून दाखवला नाही. मंत्रपुष्पांजली बाकी होती.

ती झाली. प्रसाद वाटला. नानांनी बादलीला नमस्कार करून ती रिकामी केली आणि क्रेनवाल्याला खूण केली. बादली खाली गेली. मॅडमनी छिन्नी लावून भोवताली आधीच कोरून ठेवलेला हाडाचा प्लास्टरचा गोळा कातळातून मोकळा केला आणि दोन्ही हातांत तोलून धरला. तो जड होता. पाणी मांड्यांपर्यंत आले होते. मोठ्या सरांनी बादलीची कडी धरली आणि एक पाय आत ठेवला.

"गुरुजी, थांबा," वरून अक्का म्हणाल्या.

सर थांबले.

"बादलीमां दोन मावतीन नही. घरमां जो वडील, तो पहिले. ते हाड बैलनं व्हई तर वडील तुम्ही. तुम्ही पहिले या. आनि ताई सांगस त्या जुना जनावरनं व्हई, तर वडील ते. ते पहिले येई." अक्का काठावर वाकल्या. "आते आम्ही अडानी. तुम्हीच सांगा, कोनले काढूत?"

बोरोले सरांनाही खोकला आला नाही. खाली पाणी चढत होते.

मोठ्या सरांनी पाण्याकडे पाहिले. मॅडमच्या हातातल्या हाडाकडे पाहिले.

सरांनी बादलीतला पाय बाहेर काढला.